एक एकर मोडून फ्लॅट घ्यावा का? गारखेड्यातील एका भाडेकरू कुटुंबाचे प्रकरण

छत्रपती संभाजीनगरात गारखेडा परिसरात भाड्याने राहणारे तिघांचे एक नोकरदार घर डोळ्यांसमोर ठेवून हे प्रकरण मांडले आहे. कुटुंब प्रातिनिधिक आहे. आकडे हिशेब समजावा म्हणून सोपे करून घेतले आहेत, पण त्यांचा एकमेकांशी असलेला मेळ खरा आहे. आपापले आकडे घालून हाच हिशेब कुणालाही मांडता येईल.

नवरा चौतीस वर्षांचा, वाळूजच्या कारखान्यात सुपरवायझर, हातात ४६,००० रुपये. बायको खासगी शाळेत शिक्षिका, हातात २२,०००. मुलगी दुसरीत. टू बीएचके घराचे भाडे १२,५०० रुपये, अनामत ५०,०००. भाडे सोडून घरखर्च ३८,०००, त्यात शाळेची फी, विमा, पेट्रोल आणि गावाकडे पाठवायचे पैसे आले. म्हणजे महिन्याला १७,५०० रुपये शिल्लक पडतात. मुदत ठेवींत साडेनऊ लाख आहेत. कर्ज नाही. अंबड तालुक्यात वडिलांच्या नावे चार एकर कोरडवाहू जमीन.

घरमालक वाईट नाही, पण दर अकरा महिन्यांनी बोलणी करावी लागतात आणि दोनदा ‘मुलगा परत येतोय, घर लागेल’ असे सूचक बोलून झाले आहे. मुलीची शाळा जवळ आहे आणि ती बदलायची नाही. त्यात दिवाळीला वडिलांनी विषय काढला: ‘किती दिवस दुसऱ्याच्या दारात राहायचं? एक एकर मोडतो, पण घर करा बाबा.’ त्यावर सून म्हणाली, ‘मामा, एकर एकदा मोडलं की परत होत नाही. फ्लॅट पुढच्या वर्षीही मिळेल.’

दोघेही चूक नाहीत. म्हणून हिशेब.

४६ लाखांचा फ्लॅट प्रत्यक्षात कितीला पडतो

बीड बायपासच्या बाजूला तयार इमारतीतला टू बीएचके पाहून ठेवला आहे. किंमत ४६ लाख. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण, राहायला हरकत नाही असा महापालिकेचा दाखला) मिळालेले आहे, त्यामुळे जीएसटी लागत नाही. बिल्डरच्या कार्यालयात कागदावर लिहून मिळतो तो आकडा एवढाच.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, तर ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. आणि ही टक्केवारी काढताना मुद्रांक शुल्क व नोंदणी फी किमतीत धरत नाहीत. लोक इथेच फसतात. ‘८० टक्के बँक देते, म्हणजे आपले २० टक्के’ असे गणित करून इसार देतात आणि नोंदणीच्या आठवड्यात नातेवाइकांना फोन सुरू होतात.

४६ लाखांचे ८० टक्के म्हणजे ३६.८० लाख कर्ज. स्वतःचे ९.२० लाख. मुद्रांक शुल्क स्थानिक अधिभारासह ६ टक्के धरले तर २.७६ लाख. ते करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने त्या भागासाठी ठरवलेली) किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर लागते, म्हणून नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या गटाचा किंवा सर्व्हेचा दर आधी पाहून घ्यावा. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. वकिलाचा शोध अहवाल, बँकेचे प्रक्रिया शुल्क, गहाणाचा मुद्रांक मिळून ४०,०००. देखभाल निधीची आगाऊ रक्कम, वीजमीटर नावावर करणे वगैरे ६०,०००. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, खिडक्यांचे ग्रिल आणि जाळ्या, पंखे, इन्व्हर्टर, गीझर: हात आखडता घेतला तरी अडीच लाख.

बेरीज १५.७६ लाख. हातात साडेनऊ. कमी पडतात ६.२६ लाख, आणि एकर मोडण्याची गोष्ट नेमकी या खड्ड्यासाठी आहे.

बायकोच्या एकटीच्या नावे खरेदी केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे इथे ४६,००० रुपये वाचतात. नवरा-बायको दोघांची नावे घातली की ही सवलत जाते. कर्जात नवरा सहकर्जदार राहू शकतो. नाव एकटीचे लावणे घरात सहज पचत असेल तर ही सवलत सोडण्याचे कारण नाही.

महिन्याचा हिशेब आधी, वीस वर्षांचा नंतर

३६.८० लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षे. हप्ता साधारण ३१,९४० रुपये. त्यावर इमारतीची देखभाल दोन हजार, मालमत्ता कर वर्षाला दहा हजार, आणि दुरुस्तीसाठी वर्षाला पंधरा हजार बाजूला. हे तिन्ही मिळून महिन्याला ४,०८० च्या घरात. एकूण ३६,०००.

६८,००० मधून ३६,००० गेले की उरतात ३२,०००. घरखर्च ३८,००० आहे. दर महिन्याला सहा हजारांची तूट.

बँकेने मात्र हे कर्ज मंजूर केले असते. हप्ता उत्पन्नाच्या ४७ टक्के आहे आणि अनेक बँका पन्नास टक्क्यांपर्यंत जातात. बँक पाहते ती कर्ज फिटेल का एवढे. मुलीच्या शाळेची सहल, गावाकडच्या लग्नाचा आहेर, आईच्या डोळ्याचे ऑपरेशन हे तिच्या तक्त्यात नसते. तरता, म्हणजे बाजाराप्रमाणे बदलणारा, व्याजदर साडेनऊ टक्के झाला तर हाच हप्ता ३४,३०० होतो. ऑगस्ट २०२३ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार दर वाढल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यावी लागते; पण तूट असलेल्या घराला मुदत वाढवण्याशिवाय निवड उरत नाही, आणि मुदत वाढली की व्याज वाढते.

आमच्या मते हा प्रश्न इथेच मिटायला हवा होता. महिन्याला तूट येत असेल तर त्या घराची किंमत पुढे वाढेल की नाही याची चर्चा करण्यात अर्थ नाही. तूट क्रेडिट कार्डावर जाते, तिथून पर्सनल लोनवर, आणि दोन-तीन वर्षांत घर मिळेल त्या भावाला विकावे लागते. तरी ‘भाडे म्हणजे पैसे पाण्यात’ हे वाक्य इतक्या घरांत इतक्या ठामपणे बोलले जाते की ते तपासून पाहिले पाहिजे.

पाण्यात नेमके कोणाचे किती जातात

तुलना करताना सारखे घर घ्यायचे. त्याच बीड बायपासच्या इमारतीत तसाच फ्लॅट १३,००० रुपये भाड्याने मिळतो. वर्षाचे १,५६,०००, म्हणजे किमतीच्या ३.४ टक्के. ४६ लाखांच्या घराचे सगळे भाडे भरून किंमत पूर्ण व्हायला साडेएकोणतीस वर्षे लागतील.

घेणाऱ्याचेही पैसे ‘जातात’, फक्त ते हप्त्याच्या आत लपलेले असतात. पहिल्या वर्षी ३.८३ लाखांचे हप्ते भरले जातात. त्यातून मुद्दल फिटते ७३,००० आणि व्याज जाते ३.१० लाख. देखभाल, कर, दुरुस्ती ४९,०००. शिवाय घरात घातलेले १५.७६ लाख ठेवीत असते तर साडेसहा टक्क्यांनी १.०२ लाख आले असते, ते बंद झाले. एकूण ४.६१ लाख. भाडेकरूचे भाडे, अनामतीवर बुडालेले व्याज आणि करार-सामान हलवण्याची वर्षावार तरतूद मिळून १.६९ लाख.

फरक २.९२ लाखांचा. घर त्या वर्षात ६.३ टक्क्यांहून जास्त वाढले तरच घेणारा पहिल्या वर्षी पुढे, आणि यात मुद्रांक व अंतर्गत कामाला गेलेली रक्कम अजून वसूल धरलेलीच नाही.

पुढच्या वर्षांत चित्र बदलत जाते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. भाडे दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढते असे धरले, हप्ता तोच राहतो, व्याजाचा वाटा घटतो. पाच वर्षांनी घर विकायचे ठरवले तर कर्ज ३२.४३ लाख बाकी असते. पाच वर्षांत १९ लाखांवर हप्ते भरून मुद्दल फिटलेले असते जेमतेम ४.३७ लाख. तेव्हा बरोबरी साधायला घराची किंमत दरवर्षी साधारण ८.६ टक्के वाढलेली हवी. दहा वर्षे राहिले तर ही गरज पावणेसात टक्क्यांच्या आत येते. म्हणून ‘किती वर्षे राहणार’ हा प्रश्न ‘किंमत किती वाढणार’ याच्याइतकाच मोठा आहे, आणि त्याचे उत्तर निदान आपल्या हातात तरी आहे. कंपनी पुण्याला बदली करू शकते का? बायकोची शाळा कायम आहे का? पाच वर्षांच्या आत शहर सोडण्याची शक्यता खरी असेल तर या भावाला घेऊ नये.

या हिशेबाची एक कमजोर कडी आहे. भाडेकरू पुढे राहतो तो घेणाऱ्याचा हप्ता-देखभालीचा खर्च आणि भाडे (सामान हलवण्याच्या तरतुदीसह) यांतला फरक दर महिन्याला खरोखर बाजूला टाकला तर. पहिल्या वर्षी तो फरक २२,००० आहे. या घराची प्रत्यक्ष शिल्लक १७,५००. कागदावरचा भाडेकरू नेहमी शिस्तीचा असतो. ज्या घरात शिल्लक मोटारसायकल आणि मोबाइलमध्ये जाते, त्या घराला हप्त्याची सक्ती उपयोगी पडते. हे नाकारण्यात अर्थ नाही. इथे मात्र साडेनऊ लाख आधीच साठलेले आहेत, म्हणजे शिस्त आहे.

‘टॅक्स वाचतो’ हे या घराला लागू नाही

एजंटाने सांगितले होते की व्याजावर दोन लाख आणि मुद्दलावर दीड लाख वजावट मिळते. ती जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत स्वतः राहायच्या घराच्या व्याजाची वजावट नाही, आणि घरभाडे भत्त्याचीही नाही. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. नवरा-बायको दोघांचाही कर आजच शून्य आहे. शून्यातून काय वाचणार? करबचतीचा मुद्दा या प्रकरणातून पूर्ण वगळायचा.

एकर

आता खरा नाजूक भाग.

गावच्या रस्त्यापासून आतल्या त्या एकराला नऊ लाखांचे गिऱ्हाईक आहे. कापूस-तुरीची कोरडवाहू जमीन, ठोक्याने दिली तर वर्षाला बारा-पंधरा हजार येतात. निव्वळ उत्पन्न पाहिले तर ती ठेवीपेक्षा कमी देते, हे खरे. जमीन जवळच्या नगरपरिषदेच्या हद्दीपासून पुरेशी दूर असेल तर ती आयकराच्या भाषेत ग्रामीण शेतजमीन ठरते आणि विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. हे अंतर लोकसंख्येवर ठरते: दहा हजार ते एक लाख वस्तीच्या नगरपरिषदेपासून २ किलोमीटर, एक ते दहा लाखांपर्यंत ६, त्याहून मोठ्या शहरापासून ८. सरळ रेषेत मोजायचे, रस्त्याने नाही.

तरीही आम्ही हा एकर मोडू नये या मताचे आहोत, आणि कारण भावनिक नाही.

पहिले, त्या एकराच्या बांधाला विहीर आहे आणि उरलेल्या तीन एकरांचे पाणी तिच्यावर आहे. खरेदीखतात विहिरीचा हिस्सा, पाइपलाइन आणि जायला-यायला वाट यांचा उल्लेख नसला की दोन वर्षांत तहसीलच्या चकरा सुरू होतात. गिऱ्हाईक नऊ लाख देतोय तो बहुधा विहिरीसकट, हे वडिलांशी बोलताना स्पष्ट झाले नव्हते.

दुसरे, जमीन वडिलोपार्जित आहे आणि नवऱ्याला एक लग्न झालेली बहीण आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मान्य केला. बहिणीची संमती न घेता एकर विकून भावाने फ्लॅट घेतला, तर उद्या दावा लागू शकतो, आणि दावा लागला नाही तरी रक्षाबंधनाला ती गोष्ट मधे बसते. तिचा वाटा द्यायचा म्हटले तर नऊ लाखांतले हातात येणारे पैसे खड्डा भरायला पुरत नाहीत. या घरात हा विषय कोणी उच्चारलाच नव्हता.

तिसरे, सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा आहे; तो आधी फेडावा लागेल. मराठवाड्यात भोगवटादार वर्गही, म्हणजे जमीन विनाअट आहे (वर्ग १) की सरकारी अटींवर (वर्ग २), पाहावा लागतो. निजामकाळातल्या मदतमाश, खिदमतमाशसारख्या इनाम जमिनी किंवा वाटपाच्या जमिनी वर्ग २ मध्ये असतात आणि त्यांच्या विक्रीला परवानगी व नजराणा (सरकारला भरायची रक्कम) यांचे सोपस्कार लागू शकतात. हा एकर वर्ग १ चा आहे, म्हणून तेवढे सोपे.

चौथे, महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आपण शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. इथे तीन एकर उरतात म्हणून तो धोका नाही. पण ज्या घराकडे एकच तुकडा उरला आहे त्यांनी तो शहरातल्या फ्लॅटसाठी पूर्ण मोडण्याआधी शंभर वेळा विचार करावा. परत घेणे पैशांपेक्षा कागदांनी अडते.

आणि पाचवे: एकराचे पैसे घातले तरी महिन्याची सहा हजारांची तूट तशीच राहते. जमीन जाईल आणि ओढाताणही संपणार नाही.

बाकीच्या वाटा, पटकन

बांधकाम चालू असलेला फ्लॅट. देवळाईकडे एक ४४.५० लाखांना मिळतो, ‘परवडणारे घर, जीएसटी फक्त १ टक्का’ असे सांगून. १ टक्क्याचा दर दोन अटींवर आहे: महानगराबाहेर चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत, आणि एकूण आकारलेली रक्कम ४५ लाखांपर्यंत. या एकूण रकमेत पार्किंग, विकास शुल्क, पसंतीच्या मजल्याचे पैसे सगळे धरतात. पार्किंगचे दोन लाख जोडले की ४६.५० लाख होतात आणि दर ५ टक्के होतो: ४५ हजारांऐवजी २.३२ लाख. शिवाय ताबा मिळेपर्यंत घरभाडे आणि कर्जाचे व्याज दोन्ही एकदम. या घराला ते झेपणार नाही. ज्यांना झेपते त्यांनी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची ताबा देण्याची तारीख कितीदा पुढे ढकलली ते पाहावे, आणि नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नये. त्याहून जास्त घेण्याची बिल्डरलाच कायद्याने मनाई आहे.

याच शहराच्या कडेच्या सातारा परिसरात वीस बाय तीस फुटांचा प्लॉट ‘बाँडवर’. यावर थोडे थांबायला हवे, कारण शहराच्या कडेने हे व्यवहार फार होतात. मूळ सातबारा एकाचा, त्याने गुंठ्या-गुंठ्यांनी तुकडे पाडले, आणि नोटरी केलेल्या बाँड पेपरवर प्लॉट हातोहात फिरतो. नोंदणी न झालेल्या अशा कागदाने स्थावर मालमत्तेची मालकी येत नाही, ताबा फार तर येतो. बँक कर्ज देत नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्याचा लाभ खुला झाला. पण आरक्षण पडलेला, नाल्यातला किंवा सरकारी जमिनीवरचा प्लॉट त्यात बसत नाही. कुणी ‘नियमित होऊन जाईल’ म्हणाले तर झालेल्या नियमितीकरणाचे प्रमाणपत्र आणि भरलेली पावती मागावी. ती नसेल तर स्वस्त भावात घेतोय तो प्लॉट नव्हे, खटला.

बांधायचे ठरवणाऱ्याने मातीही पाहावी. काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. उथळ पायावरची भिंत दोन-तीन वर्षांत तिरकी चिरते. खाली मुरूम किंवा खडक किती फुटांवर लागतो ते खड्डा घेऊन पाहिल्याशिवाय बांधकामाचा अंदाज कुणी दिला तर तो अपुरा समजावा.

तिसरी वाट जुन्या फ्लॅटची, आणि आमचे लक्ष तिच्यावरच आहे. गारखेड्यातच दहा-बारा वर्षांच्या तीन मजली इमारतींत, लिफ्ट नसलेले टू बीएचके ३४ लाखांच्या आसपास निघतात. कर्ज २६ लाख घेतले तर हप्ता २२,५६०. देखभाल, कर, दुरुस्ती ३,७००. घरखर्च जाऊन महिन्याला तीन हजार सातशेची शिल्लक राहते, तूट नाही. लागणारी रोख: स्वतःचे ८ लाख, मुद्रांक २.०४ लाख, नोंदणी ३० हजार, वकील-बँक ३५ हजार, हस्तांतरणाचे २५ हजार, रंग-प्लंबिंग-वायरिंग दीड लाख. मिळून १२.४४ लाख. आज तीन लाख कमी पडतात, आणि अडीनडीचा निधीही हवा. हे अंतर जमीन न विकता भरता येते. मुलीची शाळाही बदलत नाही.

पाणी

या शहरात घर पाहताना पाण्याचा प्रश्न आधी विचारायचा. जायकवाडी पैठणला, जवळच. तरी शहरात नळाला पाणी येण्यात कित्येक दिवसांचा खंड पडत आला आहे, आणि बायपासपलीकडच्या वसाहतींत बोअर व टँकरवर अवलंबून राहावे लागते. टँकरची वर्गणी भाडेकरू आणि मालक दोघांनाही पडते, म्हणून वरच्या तुलनेत धरली नाही. पण भाडेकरू मे महिन्यात कंटाळून घर बदलू शकतो. मालकाला बदलता येत नाही, आणि विकायला काढले तर गिऱ्हाईकही तोच प्रश्न विचारते. इमारतीच्या वहीत गेल्या एप्रिल-मेचा टँकरखर्च पाहावा, महापालिकेची नळजोडणी इमारतीच्या नावे आहे का ते बिलावर पाहावे, आणि वॉचमनला एकट्याने गाठून बोअर कोणत्या महिन्यात आटते ते विचारावे.

काय ठरले

एकर मोडायचा नाही. चोवीस महिने भाड्याने, मात्र आजच्यासारखे लटकत नाही.

घरमालकाशी छत्तीस महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. पहिल्या वर्षी १२,५००, पुढे दरवर्षी ५ टक्के वाढ. तीन वर्षांचे भाडे ४,७२,८६० रुपये, अनामतीवर १० टक्क्यांनी तीन वर्षांचे १५,०००. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक म्हणजे सुमारे १,२२० रुपये, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. करारात तीन कलमे मुद्दाम: पहिले चोवीस महिने मालकाने घर रिकामे मागायचे नाही, भाडेकरूला दोन महिन्यांच्या लेखी सूचनेवर सोडता येईल, अनामत चावी देण्याच्या दिवशीच परत. मालकालाही यात फायदा आहे, कारण नोंदणीकृत करार संपल्यावर ताबा मिळवण्याची सोपी प्रक्रिया त्याला मिळते. हे समजावून सांगितल्यावर बहुतेक मालक तयार होतात.

साडेनऊ लाख साडेसहा टक्क्यांनी दोन वर्षांत १०.७८ लाख होतात. १७,५०० ची आवर्ती ठेव ४.४९ लाख. एकूण १५.२७ लाख. दरम्यान फ्लॅटचा भाव दरवर्षी ५ टक्के वाढून ३७.५० लाख झाला असे धरू. २९ लाख कर्ज, हप्ता २५,१७०. स्वतःचे साडेआठ लाख, बाकी खर्च पावणेपाच लाख. दोन लाख हातात उरतात. पगार दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढला तर हप्ता उत्पन्नाच्या ३२ टक्क्यांवर येतो. पगार वाढलाच नाही, तर दोन वर्षांनी हा हप्ता ६८,००० च्या ३७ टक्के होतो. मग खरेदी आणखी वर्षभर पुढे ढकलायची, असेही आत्ताच लिहून ठेवले आहे.

फ्लॅट ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांच्या आत बसले, तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधली व्याज सवलत पाहायची. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत आणि नवरा-बायको-मुलांच्या नावे देशात कुठेही पक्के घर नको. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, जास्तीत जास्त १.८० लाख, पाच वार्षिक हप्त्यांत. गावचे घर वडिलांच्या नावे आहे म्हणून आड येत नाही. पण या दोघांचे ढोबळ उत्पन्न नऊ लाखांच्या काठावर आहे, आणि वर्षभरात काठ ओलांडला जाईल. सवलतीच्या भरवशावर इसार द्यायचा नाही.

जुने फ्लॅट बघायचे ते जुलै ते सप्टेंबर. पावसात छताची गळती, न्हाणीच्या भिंतीची ओल आणि तळमजल्यावरचे पाणी आपोआप दिसते. फेब्रुवारीत नवा रंग सगळे झाकतो. वरचा मजला मे महिन्यात दुपारी तीनला एकदा पाहायचा. पसंत पडला की इसाराआधी कागद: पीआर कार्ड (शहरी मिळकतीचा मालमत्ता पत्रक उतारा) किंवा सातबारा, अकृषिक आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, पहिल्या खरेदीपासून आजपर्यंतची सर्व खरेदीखते व सूची दोन (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), तीस वर्षांचा शोध, मालमत्ता कराची बेबाकी, विकणाऱ्याच्या बँकेचे बोजा उतरल्याचे पत्र. सिडकोच्या वसाहतीत पाहिला तर मूळ भाडेपट्टा आणि हस्तांतरणाची परवानगीही. इमारत सहकारी सोसायटी आहे की अपार्टमेंट, हे घोषणापत्रावरून पाहायचे. सोसायटी असेल तर महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य २५,००० पेक्षा जास्त मागता येत नाही. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद स्वच्छ, असे धरायचे नाही. बँकेचा वकील बँकेसाठी पाहतो. इसार ५०,००० पेक्षा जास्त नाही, तोही लेखी, आणि कर्ज नामंजूर झाल्यास परत मिळेल या ओळीसह.

वडिलांना हे सगळे चुलीपुढे बसून सांगितले ते सुनेने, आकडे वहीत लिहून. त्यांनी एवढेच विचारले, ‘मंग इहिरीचं त्या गिऱ्हाइकाला काय सांगू?’ गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवायचे, आणि बहिणीला पुढच्या सणाला बोलावून चार एकरांची वाटणी कागदावर कशी असावी ते तिच्यासमोर बोलायचे, असे ठरले.